लंगडण्याचं मानधन

झाडीपट्टीच्या नाटकात लंगडा नोकर असला, तर त्याला लंगडण्याचं मानधन मिळतं. समोर बसलेल्या खऱ्या लंगड्याला तिकीट काढावं लागतं. ही व्यवस्था मी लहानपणापासून बघत आलो आहे. नोकर पाय ओढत यायचा, मालकाच्या धोतरावर चहा सांडायचा, शामियाना हसून लोळायचा आणि मीही हसायचो. फक्त माझ्या आजूबाजूचे लोक हसायच्या आधी एकदा माझ्याकडे बघून घ्यायचे. मी हसलो की मग मोकळे व्हायचे. म्हणजे त्या प्रवेशात दोन माणसं राबत होती. एक वर लंगडत होता, दुसरा खाली बसून परवानगी देत होता. पाकीट एकालाच मिळायचं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. डावा पाय पोलिओचा. त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण २०११च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात सापडला आणि २०१४च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त झाला. देश झाला, मी राहिलो. आता आमच्यासारखी माणसं नव्यानं तयार व्हायची नाहीत, तेव्हा वनखात्यानं जंगलात ट्रॅप कॅमेरे लावलेच आहेत तर आमचीही गणना उरकून घ्यायला हरकत नाही. गावाजवळून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. डोंगरातल्या लोखंडाला लीज आहे, रॉयल्टी आहे. माझ्या पायातलं लोखंड इतकी वर्षं झिजतंय, त्याची चौकशी करायला अजून एकही कंपनी आलेली नाही.

तर रॉयल्टीचा विचार माझ्या डोक्यात शिरला तो मोबाइलमुळे. टॉवर प्रसन्न असला की दुकानात बसल्या बसल्या मी स्टँड-अप कॉमेडी बघतो. हा प्रकार आमच्याकडे पटायला जरा जड जातो. एक माणूस, एक माइक, एक स्टूल, त्यावर पाण्याची बाटली. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला रात्री दहा ते पहाट एवढा माल लागतो. त्यात एक खून, दोन ताटातुटी, चार गाणी, एक लावणी आणि मधूनमधून विनोदी पात्र. दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरून दहा मिनिटं मोबाइलमध्ये बघितलं आणि विचारलं, "हा एकटाच बोलून राह्यला जी, बाकीचे केव्हा येतेत?" मी म्हटलं, बाकीचे नाहीतच. तो म्हणाला, "मंग तिकीट काऊन?"

त्याला लक्ष्मण देशपांड्यांचं उदाहरण दिलं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटा माणूस बावन्न पात्रं करायचा. म्हाताऱ्याला ते पटलं. बावन्न म्हणजे हिशेब बरोबर बसतो. हा मोबाइलमधला पोरगा मात्र एकच पात्र करत होता, आणि तेही स्वतःचं.

पण खरी गंमत त्या 'स्वतःचं' मध्येच आहे. बघता बघता एक दिवस पुण्याची श्वेता मंत्री सापडली. तिला जन्मापासून स्पायना बिफिडा आहे, म्हणजे मणक्याचा दोष. ती कुबड्या घेऊन येते आणि आपल्याच चालण्यावर, म्हणजे खरं तर आपल्या चालण्याकडे बघणाऱ्यांवर बोलते. मग मुंबईची निधी गोयल. डोळ्यांनी दिसत नाही. अपंग स्त्रियांसाठी तिनं २०१७ साली रायझिंग फ्लेम नावाची संस्था काढली. अंध बाईच्या प्रेमाची आणि लग्नाची भलत्यांनाच केवढी काळजी असते, हे ती मंचावरून सांगते. मग बंगळुरूचा संदीप राव. त्याला थोडंच दिसतं, आणि लोकांची पंचाईत अशी की तसं त्याच्याकडे बघून कळत नाही. हे सगळे लोक आपापल्या व्यंगाचे मालक आहेत आणि पाकीट थेट मालकाच्या खिशात जातं. मधला नोकर कमी झाला. शेतमालाच्या बाबतीत जे सरकारला अजून साधलं नाही, ते या लोकांनी एका माइकवर साधलं.

मी धंदेवाईक माणूस आहे, तेव्हा आधी माल तपासला. पायावरचे विनोद दोन मिनिटांत संपतात. पाय एकच आहे, शिवाय तो फारसा बोलका नाही. पण पायाकडे बघणारी माणसं रोज नवी येतात, आणि एटापल्लीत त्यांचा तुटवडा नाही. एसटीत शेजारी बसणारा नाव विचारायच्या आधी "जन्मापासूनच का?" असं विचारतो. एक साहेब माझ्याशी नेहमी मोठ्यानं बोलतात, जणू पोलिओ कानाला झाला होता. एका लग्नात मी बायकोशेजारी बसलो असताना वाढप्यानं तिला विचारलं, "यांना जिलेबी चालते का?" बायको म्हणाली, "जिलेबी चालते, हे चालत नाहीत." हा विनोद तिचा आहे, आणि तो मी वापरला तर वाटा मागीन, असं तिनं बजावून ठेवलंय. औषध सांगणारे वेगळेच. पाय म्हटला की प्रत्येकाच्या मेव्हण्याच्या गावात एक वैदू असतो, आणि तो नेमका परवाच वारलेला असतो.

शिवाय आमच्याकडे टक्केवारीचं प्रकरण आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोर्डापुढे उभं राहावं लागतं. किमान ४० टक्के पडले तर पास. दहावीला मला ४३ टक्के पडले तेव्हा घरात कोणी तोंड गोड केलं नाही. पायाला ६० पडले तेव्हा वडील दोनदा म्हणाले, "चांगलं झालं." मी तर बघितलंय, ३८ टक्के पडलेला माणूस रडत माझ्या दुकानात आला आणि त्यानं फेरतपासणीच्या अर्जाच्या तीन प्रती काढल्या. तब्येत बरी निघाली म्हणून रडायची ही जगातली एकमेव परीक्षा. शिवाय जिल्ह्याचं ठिकाण इथून शंभराहून जास्त किलोमीटर. एवढा रस्ता खात जो माणूस बोर्डापुढे धडपणे पोचतो, तो अपंग कसला, असं बोर्डाला वाटलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

माल भरपूर आहे, पण उघडायचं कसं, हीच खरी अडचण. धडधाकट विनोदवीर मंचावर येतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. माझ्यासारखा यायला लागला की आधी चार स्वयंसेवक धावतात. गावोगावच्या स्टेजला पायऱ्या असतात किंवा नुसताच मागे ठेवलेला ड्रम असतो. ते चौघं मला उचलून वर ठेवतात. पहिला हशा यायच्या आत पहिला हुंदका येतो. रॅम्पचं तर विचारूच नका. एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबीचा उतार हवा, असं नियमात आहे. मी बघितलेल्या एका कचेरीत एक फुटाला जेमतेम तीन फूट दिले होते. त्यावरून मी वर गेलो नाही. साहेबांची मोटरसायकल मात्र रोज जाते.

तेव्हा या धंद्यात पहिलं मिनिट महत्त्वाचं. आपलं व्यंग आपणच उचलून लोकांपुढे ठेवायचं आणि हसायची परवानगी द्यायची. मी शामियान्यात जे फुकट करत होतो, त्याची ही अधिकृत आवृत्ती. अमेरिकेतली मेसून झायद यात उस्ताद आहे. न्यू जर्सीची, आईबाप पॅलेस्टाइनचे, स्वतःला सेरेब्रल पाल्सी, त्यामुळे अंग सतत हलतं. २०१३ साली तिनं टेडच्या मंचावर भाषण केलं, ते जगभर गाजलं. ती आधीच सांगून टाकते की मी प्यायलेली नाही. आमच्याकडे तिचं हे वाक्य वाया जाईल. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. म्हणजे कायद्यानं इथे कोणी प्यायलेला असूच शकत नाही. आमच्या बाजारात संध्याकाळी जो झोकांड्या खात येतो, त्याला सेरेब्रल पाल्सीच असली पाहिजे.

इंग्लंडचा ली रिडली तर बोलूच शकत नाही. लहानपणापासून वाचा नाही. तो यंत्रात वाक्यं टाइप करून ठेवतो आणि यंत्र बोलतं. लॉस्ट व्हॉइस गाय या नावानं तो २०१८ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकला. न बोलता बोलण्याच्या स्पर्धेत पहिला. हे वाचून मला आमच्या गावातले काही वक्ते आठवले. त्यांनाही एखादं यंत्र मिळालं असतं तर बरं झालं असतं, निदान चार्जिंग संपल्यावर थांबले असते.

भाषेचा प्रश्न वेगळा. एटापल्लीच्या बाजारात माडिया चालते, मराठी चालते, तेलुगू चालते, छत्तीसगढीही कानावर पडते. मुंबईत विनोद केला की हशा एकदम येतो. इथे हप्त्यानं येतो. आधी मराठीवाले हसतात. मग तेलुगूवाल्याला शेजारचा समजावतो, तो हसतो. मग मागची माडिया मंडळी या दोघांना हसताना बघून हसतात. तोवर मी पुढच्या विनोदात पोचलेला असतो, तो नेमका आजीच्या मरणावरचा.

आता करिअर. ओपन माइक म्हणजे उमेदवारांची रांग. पाच मिनिटं मिळतात, पैसे मिळत नाहीत. हे सगळं मुंबई-पुण्यात. आमच्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन वडशाला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मुंबई इथून हजारेक किलोमीटर. जाऊन-येऊन दोन हजार, त्यात पाच मिनिटं विनोद, म्हणजे मिनिटाला चारशे किलोमीटर. एसटीत मला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पण आता बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास झाल्यापासून त्याची ऐट गेली. पूर्ण तिकीट काढणारा धडधाकट पुरुष हाच आता बसमध्ये एकटा पडलाय. कंडक्टर त्याच्याकडे दयेनं बघतो.

मग वाटतं, वडशाला जातोच आहोत तर मुंबईपर्यंत कशाला जा? झाडीपट्टीच्या नाटकांची राजधानी तिथेच आहे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की होळीपर्यंत तिथल्या कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरतात. विनोदी नटाचं नाव पोस्टरवर नायकाच्या बरोबरीनं येतं. गुरनोलीचे परशुराम खुणे विनोदी भूमिकांसाठीच पंचक्रोशीत ओळखले जातात. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीनं झाडीपट्टीच्या विनोदाला मान दिला, ही आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. तेव्हा मी एका नाटकवाल्याला गाठलं आणि म्हटलं, तुमच्या नाटकात लंगडा नोकर आहे, मी अस्सल आहे, घ्या. त्यानं मला चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो. तो विचारात पडला आणि म्हणाला, "भाऊ, खरं आहे ते ठीक आहे, पण जरा हलकं वाटते. आमचा माणूस जास्त चांगला लंगडते."

यावर अपील कुठे करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मंच मला मिळाला तो ३ डिसेंबरचा. १९९२ पासून हा दिवस जगभर अपंगांसाठी पाळला जातो. आमच्याकडेही कार्यक्रम असतो. पत्रिकेत उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी आणि प्रमुख उपस्थिती यांची नावं येतात. दिव्यांग बांधव शेवटी 'बहुसंख्येने उपस्थित राहावे' या ओळीत. एका वर्षी तिथे माझा सत्कार झाला. कशाबद्दल, हे विचारायची पद्धत नाही. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि "दोन प्रेरणादायी शब्द बोला" म्हणून माइकही मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंगची गोष्ट मला आठवली. ती व्हीलचेअरवरून विनोद करायची. पंधरा वर्षांची असताना गावातल्या कोणाला तरी तिला कर्तबगारीचा पुरस्कार द्यावासा वाटला, तेव्हा तिचे आईवडील म्हणाले, छान आहे, पण तिनं तर काहीच केलेलं नाही. ही गोष्ट तिनं २०१४ साली सिडनीच्या भाषणात सांगितली. त्याच वर्षाअखेरीस ती गेली. अंथरुणातून उठून स्वतःचं नाव लक्षात ठेवलं म्हणून आमचं कौतुक करू नका, असं तिचं साधं म्हणणं होतं.

मी माइक घेतला आणि टक्केवारीचा विनोद केला. शांतता. वैदूचा केला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग मी जिलेबीचा केला, बायकोची मालमत्ता, म्हणजे माझं शेवटचं अस्त्र. अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला म्हणाले, "एवढं दुःख असूनही हा माणूस हसतो आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. विनोदवीर मंचावर पडतो, हे मी ऐकून होतो. विनोदवीर पडला आणि त्याला उभं राहून मानवंदना मिळाली, हे बहुधा एटापल्लीतच.

मागे मात्र आश्रमशाळेच्या पोरांची रांग होती. ती पहिल्या विनोदापासून खिदळत होती. त्यांना शिक्षकांनी गप्प केलं.

कायद्याचंही जरा बघून ठेवावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९२ आहे. चारचौघांत दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. हे कलम अक्षरशः लावलं तर आमचा अर्धा बाजार आत जाईल आणि माझी उधारी बुडेल. शिवाय मी मंचावर स्वतःलाच लंगडा म्हणालो तर फिर्यादी मी, आरोपीही मी. तारखेला निदान एकाच रिक्षात जाता येईल.

सर्वोच्च न्यायालयानं मात्र यात चांगलं काम केलंय, हे मी विनोद बाजूला ठेवून सांगतो. 'आंख मिचोली' या हिंदी चित्रपटाविरुद्ध दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले होते. ८ जुलै २०२४ला निकाल आला. न्यायमूर्ती चंद्रचूडांनी त्यात फरक केला: अपंग माणसाला खाली ओढणारा विनोद वेगळा, आणि अपंगत्वाबद्दलच्या लोकांच्या समजुती हलवणारा विनोद वेगळा. चित्रपटाला त्यांनी हात लावला नाही. माझ्या मते हा निकाल झाडीपट्टीच्या प्रत्येक कंपनीच्या गाडीत, मेकअपच्या पेटीशेजारी ठेवावा. प्रती मी माफक दरात काढून देईन.

पुढच्या वर्षी दुसरं प्रकरण झालं. समय रैना आणि आणखी काही विनोदवीरांनी अपंगांची आणि दुर्धर आजार असलेल्यांची टिंगल केली, म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं त्यांना जाहीर माफी मागायला लावली. नोव्हेंबरमध्ये सांगितलं की उपचारांसाठी निधी उभा करायला महिन्यातून दोन कार्यक्रम करा आणि दिव्यांगांना बोलावून त्यांच्या यशोगाथा लोकांपुढे आणा. माफी योग्यच. निधीही योग्यच. यशोगाथेपाशी मात्र माझा पाय अडला. विनोद केला यांनी, शिक्षा झाली यांना, आणि कार्यक्रम यांचाच. आम्ही पुन्हा शाल घेऊन प्रेरणा द्यायला. त्या मंचावर आमच्यातल्या एखाद्याला वीस मिनिटं द्या आणि समोर रैनांना बसवा, असं कोणाला सुचलं नाही. ऐकवायला माझ्याकडे पुष्कळ आहे.

माझ्याकडे म्हणजे गावाकडे. कारण परवा दुकानात एक कॉलेजची पोरगी आली. तिला सिकलसेल आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात हा रक्ताचा आजार आला, आणि आमच्या जिल्ह्यात तो घरोघर माहीत आहे. सांध्यांत कळा सुरू झाल्या की माणूस दिवसचे दिवस अंथरुणाला खिळतो, पण वरून बघितलं तर काहीच नाही. तिला स्नेहसंमेलनात बोलायचं होतं, त्याची संहिता घेऊन आली होती. दोन प्रती हव्या होत्या. कागद मशीनमधून निघताना वाचायची मला सवय आहे. पहिल्या पानावर मावश्या होत्या, "तुले झालं तं काय बाई, चांगली तं दिसतेस" म्हणणाऱ्या. पान चांगलं होतं. दुसऱ्या पानावर मी होतो.

तिनं लिहिलं होतं की झेरॉक्सवाले काका कुठल्याही रांगेत गेले की लोक बाजूला होतात, कारण पाय दिसतो. माझं रक्त कोणाला दिसत नाही, म्हणून मी कळा सोसत मागे उभी. शेवटी मी काकांना म्हटलं, रेशनच्या दिवशी तुमचा पाय भाड्यानं द्या ना.

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "बाई, हा विनोद माझ्या पायावर आहे. मानधन?"

"स्नेहसंमेलनात कोणालेच भेटत नाही, काका."

"मग झेरॉक्सचे तरी पूर्ण पैसे टाक."

"पंच्याहत्तर टक्के सवलत असते ना दिव्यांगाले?"

"ती एसटीत. आणि त्यालाही कार्ड लागते."

तिनं पर्समधून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मी त्याची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढली, संहितेला टाचली, आणि त्या प्रतीचे दोन रुपये बिलात वेगळे लावले.